गाडी येण्याआधीची दोन मिनिटं

आल्दोना पेत्कूनस पाच फूट दहा इंच उंच होती. शेनंडोआसारख्या कोळशाच्या खाणींच्या गावात त्या उंचीचा उपयोग एवढाच, की चर्चमधल्या वरच्या मेणबत्त्या विझवायच्या असल्या की तिला हाक मारायचे. ती नऊ वर्षांची असताना आई गेली. बाप काझिमेरास खाण बंद पडेपर्यंत खाणीत होता, नंतर गावच्या शाळेत बॉयलर सांभाळायला आणि फरशा पुसायला लागला. लिथुआनियन घर ते, त्यामुळे बापाला ती ‘तेते’ म्हणायची आणि तो तिला ‘आल्दुते’. दोघंही कमी बोलणारी. रविवारी तो बटाटे किसून, खारवलेली चरबी घालून भट्टीत कुगेलिस भाजायचा, आणि दोघं समोरासमोर बसून भलामोठा तुकडा निमूटपणे संपवायची.

शाळा संपल्यावर ती गावातल्या कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायला लागली. तिथे माल बघायला न्यूयॉर्कहून आलेल्या एका बाईने तिला उभं केलं, मागे फिरवलं, आणि सेव्हन्थ अॅव्हेन्यूवर कपड्यांच्या पेढ्यांत अशा मुलींना काम मिळतं, नुसते कपडे घालून दाखवायचे, असं सांगितलं. बापाला हे पटलं नाही. नुसतं उभं राहायचे पैसे देतात म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणार, असं तो म्हणाला. तरी बसवर सोडायला आला, आणि बस सुटेपर्यंत टोपी हातात धरून उभा राहिला.

काळंबेरं काही नव्हतं. होता तो नुसता कंटाळा. जुलैच्या उकाड्यात लोकरीचे कोट घालून दुकानदारांपुढे फिरायचं आणि जानेवारीत उघड्या पाठीचे झगे. चार वर्षं तिने हे केलं. पाय दुखायचे, पण तिला त्यात एक गोष्ट कळली. लोक बघत असताना बाकीच्या मुली कोणी बघतच नाही असं दाखवायच्या. आल्दोनाला ते जमायचं नाही. ती बघणाऱ्याकडे सरळ उलट बघायची. दुकानदार बिचकायचे, पण कोट विकले जायचे.

बर्नडीन केसलर तिला तिथेच भेटली. फोटो काढणाऱ्याबरोबर दिवे लावायला आलेली ही बुटकी मुलगी, जाड भिंगांचा गोल चष्मा, आणि खिशात कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, दिव्यांपुढे रंगीत कागद अडकवायला. मिलवॉकीच्या घड्याळजीची मुलगी. त्या दिवशी दिव्याचा पाय निसटून एका बड्या गिऱ्हाइकाच्या हॅटवर पडला आणि दोघींना हसू आवरेना. दोघींनाही त्या दिवसापुरतं बाहेर काढलं. महिन्याभरात दोघींनी ईस्ट सिक्स्थ स्ट्रीटवर चौथ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. न्हाणीचा टब स्वयंपाकघरात होता. त्यावर फळी टाकली की तेच जेवायचं टेबल. आल्दोनाला बहीण नव्हती. बर्नडीनला तीन होत्या, पण एकीशीही तिचं पटत नव्हतं. आपली निवडून घेतलेली बहीण हीच, असं ती म्हणायची.

बर्नडीननेच तिला व्हिट हॅल्डेनकडे नेलं. व्हिट कनेटिकटच्या श्रीमंत घरातला. कधी घाईत नसायचा, आवाज चढवायचा नाही. बटणांच्या गोदामावरच्या एका लांबलचक खोलीत तो सिनेमे बनवायचा. त्यांना ना कथा असे, ना संवाद. कॅमेरा सुरू करायचा आणि काय होतं ते बघायचं. असे सिनेमे मोठ्या थिएटरात कोण लावणार? ते चर्चच्या तळघरात, कॅफेच्या मागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्या मांडून दाखवायचे. दोनदा पोलीस येऊन रीळं घेऊन गेले. लोक त्याला अंडरग्राउंड सिनेमा म्हणत. ‘म्हणजे मी पुन्हा खाणीतच आले की,’ असं आल्दोना म्हणाली, तेव्हा व्हिट पहिल्यांदा हसला. आल्दोना पेत्कूनस हे नाव पोस्टरवर मावत नाही म्हणून त्याने तिचं डोना मार्च करून टाकलं. त्याच दिवशी तिने एका कागदावर सही केली. सगळेच करायचे. तिने वाचला नाही.

पहिल्या सिनेमात ती कॅमेऱ्यासमोर बसून एक अख्खी भाजलेली कोंबडी खाते. बस्स, एवढंच. पस्तीस मिनिटं. मध्येच ती खायचं थांबते आणि आपल्याकडे बघते, आणि बघणाऱ्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. एका वर्तमानपत्राने लिहिलं, ही बाई अभिनय करत नाही, ती आपल्याला पकडते. मग मासिकांचे फोटोग्राफर आले, पार्ट्यांची आमंत्रणं आली. दोन वर्षांत तिने व्हिटचे सात सिनेमे केले. कॅमेरा बर्नडीन चालवायची. भिंगाच्या मागे बर्नडीन आहे म्हणून आपण इतक्या निर्धास्त असतो, हे आल्दोना कोणालाही सांगायची.

त्या सगळ्यांचा एक डॉक्टर होता. जीवनसत्त्वाची सुई देतो असं तो म्हणायचा. सुईत काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलायचं नाही. सुई घेतली की झोप लागायची नाही, भूक लागायची नाही, आणि डोकं लखलखीत व्हायचं. सुरुवातीला आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड, मग रोज. बाकीच्यांना ते कसंबसं पेललं. आल्दोनाला नाही पेललं. सेव्हन्थ अॅव्हेन्यूवर तिने सुयांच्या खुणा झाकायला उन्हाळ्यात लांब हातमोजे घालायला सुरुवात केली आणि महिन्यात तिचं काम गेलं. घरी ती दात घासायच्या ब्रशने फरशी घासत बसायची. भिंतीतल्या गरम पाण्याच्या नळातून आपला आवाज खालच्या मजल्यावर जातो असं तिला वाटायचं, म्हणून ती नळाजवळ कुजबुजत बोलायची. पडद्यावर मात्र ती अजून सुंदर दिसायची. गाल आत गेले होते, डोळे मोठे झाले होते. व्हिट रोज बोलवायचा.

जून महिन्यात ती बापाशी फोनवर बोलली. काय बोलली हे तिला नंतर नीट आठवत नव्हतं, पण त्याचं एक वाक्य लक्षात राहिलं. अशीच राहिलीस तर तुला कुठेतरी ठेवावं लागेल, असं तो म्हणाला होता. तिने फोन आपटला.

जुलैत सलग पाच दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नाही. मंगळवारी दोन गृहस्थ घरी आले. ते घरमालकाचे ओळखीचे आहेत, छताची गळती बघायला आलेत, असं बर्नडीन म्हणाली. आल्दोनाने त्यांना कॉफी दिली आणि नळाबद्दल सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला रुग्णवाहिका आली. आल्दोना त्या वेळी नुसत्या परकरवजा झग्यावर इमारतीच्या मागच्या बाजूला, आग लागली तर उतरायच्या लोखंडी जिन्यात बसून आपले बूट एकेक करून खालच्या अंगणातल्या लोकांना वाटत होती. दोघा माणसांनी तिला खाली नेलं. तिने फार झटापट केली नाही. बर्नडीन घरी नाही याचंच तिला वाईट वाटलं. ती असती तर तिने नेऊ दिलं नसतं.

नदीकाठचं ते मनोरुग्णांचं सरकारी इस्पितळ मोठं होतं, एखाद्या गावासारखं. पहिले तीन आठवडे तिला आठवतच नाहीत. चौथ्या आठवड्यात बर्नडीन भेटायला आली. सिगारेटी आणल्या होत्या, नखांना लावायचा लाल रंग आणला होता. बसल्याबसल्या ती आल्दोनाची नखं रंगवायला लागली. मला कोणी टाकलं इथे, असं आल्दोनाने विचारलं. बर्नडीनने मान वर केली नाही.

“तुझ्या वडिलांनी,” ती म्हणाली. “कागदावर त्यांची सही आहे. मी फोन करून किती सांगितलं गं त्यांना. ऐकायलाच तयार नाहीत.”

आल्दोनाला फोनवरचं वाक्य आठवलं आणि पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी बाप आला. शेनंडोआहून न्यूयॉर्कपर्यंत बस, तिथून आगगाडी, मग इस्पितळापर्यंत चालत. पहाटे चारला निघालेला असणार. वॉर्डवरच्या परिचारिका मिसेस टॉल्बर्ट सांगायला आल्या तेव्हा ती खिडकीत उभी होती.

“त्यांना सांगा, मला भेटायचं नाही,” ती म्हणाली.

“अगं, एवढ्या लांबून आलेत.”

“मग परत जायलाही तेवढाच वेळ लागेल.”

तो दोन तास बाकावर बसला, मेणकागदात बांधलेलं कुगेलिस मिसेस टॉल्बर्टच्या हातात ठेवलं आणि गेला. आल्दोनाने ते वॉर्डमधल्या बायकांना वाटून टाकलं. स्वतः चव घेतली नाही. पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. बर्फाच्या दिवसांतही आला. एकूण नऊ वेळा. नऊही वेळा ती भेटली नाही. त्याने कधी तक्रार केली नाही, कधी निरोप ठेवला नाही, नुसतं पुडकं ठेवून जायचा. मिसेस टॉल्बर्ट एकदा चिडून म्हणाल्या, तुझ्यासारखी दगडाच्या काळजाची पोरगी बघितली नाही. आल्दोनाने ते मनावर घेतलं नाही. तिथे टिकायला तिला एक राग लागत होता आणि तो तिच्याजवळ होता. सुई सुटली, झोप परत आली, अंगावर मांस चढलं. या सगळ्यात रागाने तिला उभं ठेवलं, असंच तिला वाटायचं.

मे महिन्यात तिला सोडलं. न्यायला बर्नडीन आली. स्वयंपाकघरातल्या टबात गरम पाणी काढून ठेवलेलं होतं, बाटलीत फुलं होती. आल्दोनाने बापाला तीन ओळींचं पत्र लिहिलं, की मी बरी आहे, मला भेटायला येऊ नका, का ते तुम्हाला माहीत आहे. उत्तर आलं नाही.

व्हिटने दरम्यान तिच्यावरचा एक नवा सिनेमा पूर्ण केला होता. ‘डोना निघाली’ असं नाव. तिने विचारलं, यात काय आहे? तो म्हणाला, तूच आहेस, थिएटरात बघ. या वेळी तळघर नव्हतं. सेकंड अॅव्हेन्यूजवळचं खरंखुरं लहान थिएटर होतं, तिकिटाची खिडकी असलेलं. सप्टेंबरातला रविवार, दुपारचा खेळ. आल्दोनाने हिरवा सूट घातला. बर्नडीन तिच्याशेजारी बसली नाही. प्रोजेक्टरकडे लक्ष द्यायला हवं म्हणून मागे गेली.

पहिला तासभर जुनंच होतं. कोंबडी, आरशासमोर केस कापणं, नळाशी कुजबुजणं. लोक हसत होते. हे कुजबुजणं कधी टिपलं होतं ते तिला आठवत नव्हतं, पण त्या दिवसांतलं बरंच काही तिला आठवत नव्हतं. मग पडदा एकदम उजळला.

रिकामा रस्ता. ईस्ट सिक्स्थ स्ट्रीट, वरून, समोरच्या इमारतीच्या छतावरून. कॅमेरा तिपाईवर होता, चित्र जराही हलत नव्हतं. कोपऱ्यावरचा युक्रेनियन वाणी दुकानापुढची फरशी पाण्याने धूत होता. रस्त्यावरच्या आग विझवायच्या नळाच्या टोपणावर कबूतर बसलं होतं. काहीच घडत नव्हतं. आवाज नव्हता. लोक खुर्च्यांत चुळबुळले, मग गप्प झाले.

आल्दोना मोजायला लागली. ही सवय तिला बर्नडीननेच लावलेली, रीळ किती उरलंय हे कळायला. सत्तरपर्यंत आली तेव्हा वाण्याने बादली उचलली. शंभराला कबूतर उडालं. एकशे पंधराला कोपऱ्यावरून रुग्णवाहिका वळली.

तिने मोजणं थांबवलं. दोन मिनिटं. गाडी येणार हे ज्याला ठाऊक नाही तो रिकाम्या रस्त्यावर दोन मिनिटं फिल्म वाया घालवत नाही. त्यांच्याकडे फिल्म कधी पुरायचीच नाही, संपलेल्या रिळांचे तुकडे जोडून ते काम भागवायचे. कोणीतरी तिपाई घेऊन जिने चढून छतावर गेलं होतं, कठड्याशी जागा निवडली होती, उजेड मोजला होता आणि घड्याळ बघत थांबलं होतं. बापाला हे माहीत असणं शक्य नव्हतं. तो शेनंडोआत होता. गाडी कधी येणार हे ज्याने बोलावली त्यालाच माहीत असणार.

पडद्यावर दोन माणसं दारातून बाहेर आली. मधे ती. झग्यावर कोणाचा तरी पुरुषी कोट, एका पायात बूट. गाडीपाशी ती थांबली आणि मान वर करून स्वतःच्याच खिडकीकडे बघून काहीतरी ओरडली. लोकांना ऐकू आलं नाही. तिला कळलं. ती बर्नडीनला हाका मारत होती. आणि बर्नडीन तिच्या पाठीमागे, रस्त्यापलीकडच्या छतावर, भिंगाला डोळा लावून बसली होती. मग ती गाडीत चढायला वळली, तसा कॅमेरा सावकाश, गुळगुळीत खाली वळला, आल्दोनाच्या चेहऱ्याजवळ गेला आणि तिथे थांबला. हात जरासुद्धा कापला नव्हता. तो हात तिने कुठेही ओळखला असता.

टाळ्या बराच वेळ चालल्या. एक अनोळखी बाई रडत रडत तिच्याशी हात मिळवून गेली. आल्दोनाला त्या वेळी, का कोण जाणे, ट्रूडी नावाची एक मुलगी आठवली. दोन वर्षांपूर्वी ती गोदामावरच्या खोलीत जमिनीवर बसून हुंदके देत होती आणि व्हिटने कॅमेरा चालूच ठेवला होता. तेव्हा ट्रूडीच्या तोंडावर दिवा धरून आल्दोनाच उभी होती. नीट धर, असं व्हिट म्हणाला होता, आणि तिने नीट धरला होता.

त्या संध्याकाळी ती बर्नडीनशी एक शब्द बोलली नाही. सोमवारी सकाळी बर्नडीनने टबावर फळी टाकली, कॉफी ओतली, आणि आल्दोना समोर येऊन बसली.

“कागदावर तू सही केलीस,” आल्दोना म्हणाली.

बर्नडीनने चष्मा काढला. “हो.”

“ती दोन माणसं. गळती बघायला आलेली.”

“डॉक्टर होते. दोन डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नेत नाहीत. एका घरात राहणाऱ्याला सही करता येते.” ती भराभर बोलत होती. “डोना, तू मेली असतीस. एक दिवस त्या जिन्यावरून खाली पडली असतीस, नाहीतर सुईने गेली असतीस. कोणालातरी करायलाच हवं होतं. व्हिट करणार नव्हता. त्याला तू तशीच हवी होतीस.”

“त्याबद्दल मी काही म्हणतच नाही,” आल्दोना म्हणाली. “कदाचित तू मला वाचवलंस. मग छतावर काय करत होतीस?”

बर्नडीन चष्म्याची भिंगं पुसायला लागली.

“मी तुला हाका मारत होते.”

“माहितीय. दिसत होतं मला.” ती म्हणाली, “व्हिट म्हणाला, होणारच आहे तर निदान टिपून तरी ठेव. मी नाही म्हणाले होते. मग वाटलं, मी नाही केलं तर तो दुसऱ्या कोणाला तरी चढवेल वर. तो तुला वाईट दाखवेल. मी तरी नीट दाखवेन.”

“नीट दाखवलंस.”

“डोना—”

“आणि तेते? त्यांचं नाव का घेतलंस?”

तेव्हा मात्र बर्नडीन रडायला लागली. तिने चष्मा पुन्हा घातला, पुन्हा काढला. “तू विचारलंस आणि मी घाबरले. तू माझ्याकडे परत आली नसतीस. सिनेमाही अर्धा होता. तुझे वडील तसे लांबच होते ना. मला वाटलं, त्यांच्यावर रागावशील आणि चार महिन्यांनी विसरशील.”

आल्दोनाने कॉफी पिऊन टाकली आणि कप विसळून ठेवला. एवढ्या वर्षांत हिच्यापासून तिने काही म्हणजे काही हातचं राखलं नव्हतं. आणि हिने केसाने गळा कापला, तोही नखं रंगवता रंगवता. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण आपण ओरडलो की हिला रडायला आणखी सोपं जाईल, म्हणून ती गप्प राहिली.

दुपारी ती व्हिटकडे गेली. तो शेवटचा तुकडा काढून टाक, एवढंच तिचं मागणं होतं. व्हिटने तिला बसायला खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं, आणि तो तुकडा म्हणजेच सिनेमा आहे, असं नेहमीच्या मऊ आवाजात सांगितलं. मग कपाटातून तिच्या सहीचा कागद काढून टेबलावर ठेवला. त्यात तिचा चेहरा, शरीर, आवाज, हालचाल, सगळं त्याच्या स्वाधीन होतं, कायमचं. धमकी म्हणून दाखवत नाही, नुसतं आठवण म्हणून, असं तो म्हणाला. आपण दोघांनी आयुष्यात केलेलं हे सगळ्यांत चांगलं काम आहे, हेही तो म्हणाला. सगळ्यांत चीड तिला या वाक्याची आली, कारण ते खोटं नव्हतं. तो तुकडा दुसऱ्या कोणाचा असता तर तिनेही उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या.

मंगळवारी ती शेनंडोआला गेली. बाप शाळेत होता. मुलं घरी गेली होती आणि तो लांब व्हरांड्यातली फरशी यंत्राने घासत होता. तिला बघून त्याने यंत्र बंद केलं, पण जवळ आला नाही. मधे ओली फरशी होती. तिने तिथूनच सगळं सांगितलं. सही तुमची नव्हती हे मला परवा कळलं, असं म्हणाली. तिला वाटलं होतं, हे ऐकून त्याचा चेहरा फुलेल.

“मला तर पहिल्यापासूनच माहीत होतं,” तो म्हणाला.

“मग सांगितलं का नाही? इस्पितळात निरोप तरी ठेवायचा.”

“वॉर्डवरच्या त्या बाईंनी मला सांगितलं, तुझी समजूत काय आहे ते. दुसऱ्या खेपेला.” त्याने खिशातून फडकं काढून हात पुसले. “मी म्हटलं, आज ना उद्या विचारेल. समोर बसवून विचारेल, तेते, तुम्ही केलंत का हे? मग सांगेन. नऊ वेळा आलो, आल्दुते. तू विचारलंच नाहीस.”

“मला वाटलं—”

“काय वाटलं ते कळलं. परक्या मुलीने एकदा सांगितलं आणि तुला खरं वाटलं. अठरा वर्षं माझ्या घरात राहून.”

ओल्या फरशीच्या या बाजूला ती उभी राहिली. इतका वेळ आपला घात झाला, आपला घात झाला, असं घोकत ती बसमधून आली होती. आपणही कोणाचा तरी केला आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. बापाने यंत्र पुन्हा सुरू केलं आणि उरलेला व्हरांडा घासून पुरा केला. मग कोट घातला. घरी चल, असं तो म्हणाला नाही. पण दाराशी थांबला, आणि ती आल्यावर चालायला लागला.

ती राहिली. त्याचा अबोला हिवाळाभर टिकला. जेवण दोघांचं व्हायचं, बोलणं नाही. जुन्या कारखान्यात तिला काम मिळालं, कॉलर शिवायचं नव्हे, नव्या मापांचे कपडे अंगावर घालून उभं राहायचं. कापड कापणारे कारागीर तिच्या अंगावरच टाचण्या लावायचे. टाचण्या टोचल्या तरी ती हलायची नाही, म्हणून त्यांना ती आवडायची. बरी झाली असं म्हणता येणार नाही. सुई सुटली होती, पण डोकं अधूनमधून भरकटायचं. तीन वर्षांनी एकदा फारच बिघडलं तेव्हा काझिमेरासने इस्पितळाचा कागद आणला, टेबलावर तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, “करू का सही? नाही म्हणालीस तर नाही करणार.” तिने तो कागद शेवटपर्यंत वाचला आणि मग करा म्हणाली. या वेळी सहा आठवड्यांत परत आली. त्या सहा आठवड्यांत दर रविवारी त्यांनी एकत्र कुगेलिस खाल्लं.

‘डोना निघाली’ मात्र चालतच राहिला. कॉलेजांत शिकवायला लागले, पुस्तकांत त्याच्याबद्दल धडे आले. त्या दोन मिनिटांच्या रिकाम्या रस्त्याबद्दल विद्वानांनी बरंच काही लिहिलं. काळाबद्दल, शहराबद्दल. छतावर कोण होतं याबद्दल कोणी लिहिलं नाही. एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मुलाने तो पाहिला आणि घरी येऊन सांगितलं, तेव्हा कारखान्यातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत तिच्याभोवती जमल्या. ती खरंच तू आहेस का? हो, मीच, असं ती म्हणाली. किती बारीक होतीस गं, असं एकजण म्हणाली, आणि त्यावर बाकीच्यांचं एकमत झालं. व्हिट मोठा झाला, मग विस्मरणात गेला, मग पुन्हा मोठा झाला. बर्नडीन कॅलिफोर्नियाला गेली आणि तिथे तिचंही नाव झालं. ती दर नाताळला लांबलचक पत्र लिहायची. आल्दोना ते सगळं वाचायची. उत्तर तिने एकदाही पाठवलं नाही.

काझिमेरास १९७९च्या वसंतात गेला, छातीतल्या खाणीच्या धुळीने. चर्च भरलं होतं. शाळेतल्या कितीतरी पिढ्या आल्या होत्या. बर्नडीन मागच्या बाकावर बसली होती, केस पिकू लागलेले, चष्मा तोच. तिला बातमी कोणी कळवली ते समजलं नाही. दफनानंतर चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये जेवण होतं. वाढायला गावच्या बायका होत्या आणि त्यांच्यात आल्दोना. ती लांब टेबलामागे उभी राहून प्रत्येकाच्या ताटात कोबी आणि सॉसेज घालत होती, प्रत्येकाचं सांत्वन ऐकत होती, प्रत्येकाला नावाने हाक मारून आभार मानत होती.

रांग पुढे सरकली आणि ताट धरून बर्नडीन समोर आली.

“डोना,” ती म्हणाली. “मला तुझ्याशी बोलायचंय. पाचच मिनिटं.”

आल्दोनाने तिच्या ताटात कोबी घातला, सॉसेज घातलं, आणि इतरांना देत होती तेवढाच ब्रेडचा तुकडा कडेला ठेवला.

“घ्या,” ती म्हणाली. “आणि जरा पुढे सरका, तुमच्या मागे लोक खोळंबलेत.”

बर्नडीन सरकली. कोपऱ्यातल्या टेबलावर ती एकटीच बसून हळूहळू जेवली, ताट रिकामं करून नीट जागेवर ठेवलं. तीनच्या बसने गेली, असं नंतर कोणीतरी सांगितलं. आल्दोना तेव्हा बाह्या वर करून मोठ्या पातेल्यांच्या ढिगाला लागली होती.